सेव्ह की सेव्ह ॲज? : दादासाहेब फाळके आणि हरवलेला हरिश्चंद्र

पी.एल. सुरू झाली की अभ्यास सोडून बाकी सगळं सुचतं, हा आपल्या हॉस्टेलचा सनातन नियम आहे. मागच्या सेमिस्टरला माझ्या रूममेटला सिनेमा रंगवायचं सुचलं. तिने नेटवरून ‘राजा हरिश्चंद्र’चा एक तुकडा उतरवला, एका सॉफ्टवेअरला दिला आणि लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. पंख्याच्या घरघरीने मला झोप नाही. सकाळी बघतो तर काय, काळापांढरा राजा रंगीत झालेला! तारामतीची साडी हिरवीगार, राजाचा शेला केशरी, आणि ती जुन्या फिल्ममधली तुरुतुरु चाल जाऊन सगळे कसे छान सावकाश चालतायत. अख्खी विंग आमच्या खोलीत जमली. खरं सांगते, मलाही आवडलं.

पण मेसमध्ये चहाच्या वेळी भांडण जुंपलं. एका पार्टीचं म्हणणं, शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे तशी ठेवावी, हात लावायचा नाही. दुसरी पार्टी म्हणे, तशी ठेवली तर बघणार कोण? रंगीत केली म्हणून आज आपण दहा मिनिटं तरी बघितली ना! मी पहिल्या पार्टीत. ओरिजिनल ते ओरिजिनल, असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. त्यावर कुणीतरी शांतपणे विचारलं की फाळक्यांबद्दल मला नक्की काय काय माहीत आहे. पंचाईत! माझी शाळा कॉन्व्हेंटची. दादासाहेब फाळके म्हणजे टीव्हीवर दिसणारं एक मोठं अवॉर्ड, एवढंच मला ठाऊक. चिडून लायब्ररीत गेले, नंतरही वाचत राहिले. जे हाती लागलं त्याने माझा टेबलावर आपटलेला हात जरा खालीच आला. तेच तुम्हाला सांगायचंय.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. घरच्यांना वाटलं असेल की मुलगाही पोथ्या सांभाळेल, पण याचं लक्ष चित्रांत. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. चित्रकला, फोटोग्राफी, साचेकाम, छपाई, जे दिसेल ते शिकायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर माणसाने एकही इलेक्टिव्ह सोडलं नाही!

गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. पण प्लेगने घात केला. पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. स्टुडिओ बंद झाला. नंतर ते जादूचे प्रयोग शिकले, नाटकांचे पडदे रंगवले, पुराणवस्तू खात्यात फोटोग्राफीची नोकरी केली. मग छापखान्याच्या धंद्यात पडले. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईशीही त्यांचा संबंध आला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं बघायला ते जर्मनीला जाऊन आले.

या छापखान्याचा मुद्दा लक्षात ठेवा. मूळ तैलचित्र कुठल्यातरी राजवाड्यात एकच असतं. त्याची दगडावरून छापलेली प्रत मात्र घरोघरी देव्हाऱ्याजवळ लागते. रंग थोडा बदलतो, पण लक्ष्मी ती लक्ष्मीच. ज्या माणसाने ऐन उमेदीची वर्षं प्रती काढण्यात घालवली, त्याला मूळ आणि प्रत यांतला फरक माझ्यापेक्षा आणि माझ्या रूममेटपेक्षा नक्कीच जास्त कळत असणार.

पुढे भागीदारांशी पटलं नाही आणि छापखाना सुटला. चाळिशीचा माणूस, हातात काही नाही, पदरात पोरंबाळं. अशा वेळी १९११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालतोय, आणि यांच्या डोळ्यांसमोर राम-कृष्ण चालायला लागले. आपल्या देवांची चित्रं छापणारा माणूस, त्याला ती हलताना दिसली! झालं, वेड लागलं. रोज सिनेमे बघायचे, घरी येऊन प्रयोग करायचे. झोप नाही, डोळ्यांवर ताण. इतका की काही काळ त्यांना दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली आणि पुन्हा तेच सुरू.

१९१२ च्या सुरुवातीला विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि परत आले. भांडवल देणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी एक गंमत केली. कुंडीत बी पेरलं आणि ते उगवून वर येईपर्यंत ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर कोंब सरसर वर आला! ज्याला आपण आज टाइमलॅप्स म्हणून मोबाईलवर करतो, ते या माणसाने हाताने कॅमेरा फिरवून केलं होतं.

दादरला राहत्या जागीच कारखाना झाला. कोरी फिल्म यायची ती कडेला भोकं नसलेली. ती भोकं अंधारात बसून पाडायची, मग फिल्म कॅमेऱ्यात भरायची, रात्री ती धुवायची. हे सगळं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. शिवाय पूर्ण कंपनीचा स्वयंपाक, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड पाडणं आणि वेळ आली तेव्हा दागिने काढून देणं, हेही त्यांचंच. आपल्या सिनेमाची पहिली टेक्निशियन एक बाई होती, हे मला तरी लायब्ररीत जाईपर्यंत माहीत नव्हतं.

चित्रपटात काम करायला मात्र एकही बाई तयार होईना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र, आणि रोहिदास म्हणून फाळक्यांचा स्वतःचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. लांबी सुमारे ३७०० फूट, चार रिळं.

इथे थोडं गणित करू या, इंजिनीअरिंगला आलोच आहोत तर. ३५ मि.मी. फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी असतात. त्या काळी हाताने कॅमेरा फिरवायचे, त्याचा वेग साधारण सेकंदाला १६ चौकटी धरू. म्हणजे एक फूट फिल्म बरोबर एक सेकंद. ३७०० फूट म्हणजे ३७०० सेकंद, तासाभराचा चित्रपट. पुढे बोलपट आले आणि प्रोजेक्टरचा वेग सेकंदाला २४ चौकटी ठरला. त्या यंत्रावर हीच फिल्म लावली की एक्केचाळीस मिनिटांत संपते आणि सगळी माणसं तुरुतुरु पळतात. आपण मूकपट म्हटलं की हसतो ना, ते या चुकीच्या वेगाला हसतो. फाळक्यांचा हरिश्चंद्र धावत नव्हता, राजासारखाच चालत होता. म्हणजे माझ्या रूममेटने वेग कमी केला तेव्हा तिने नकळत का होईना, चित्रपट मूळच्या जवळ नेला. माझ्या पार्टीला इथे पहिला धक्का बसला.

पण तिचं सॉफ्टवेअर तेवढ्यावर थांबलं नव्हतं. त्याने सेकंदाला ६० चौकटी केल्या होत्या. १६ च्या ६० करायच्या तर दर चार चौकटींतल्या जवळजवळ तीन नव्या तयार कराव्या लागतात. त्या कुठल्याच कॅमेऱ्याने कधी टिपलेल्या नाहीत. आणि ती हिरवी साडी? ती हिरवी होती हे कुणी सांगितलं? काळ्यापांढऱ्या फिल्मवर रंगाची नोंदच नसते. सॉफ्टवेअरने हजारो दुसरे फोटो बघून अंदाज ठोकला. म्हणजे एकाच फाईलमध्ये एक दुरुस्ती खरी आणि दोन गोष्टी मनच्या. बघणाऱ्याला मात्र तिन्ही सारख्याच छान वाटतात.

आता परत फाळक्यांकडे. ‘राजा हरिश्चंद्र’ चालला आणि त्यांनी मुक्काम नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी कॅमेऱ्यासमोर आल्या आणि बाईचं काम बाई करू लागली. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे राहून काम करायचं आमंत्रणही मिळालं, पण ते नाशिकलाच परतले. तेवढ्यात महायुद्ध पेटलं. कोरी फिल्म मिळेना, पैसे देणारे मागे सरले.

आणि इथेच तो मुद्दा येतो ज्याने माझी बोलती बंद झाली. त्या काळची फिल्म नायट्रेटची. सेल्युलोज नायट्रेट म्हणजे केमिस्ट्रीवाल्यांना सांगायला नको, बंदुकीच्या दारूचा भाऊबंद. जळायला लागला की स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवतो, पाण्यातही विझत नाही. नाही जळला तरी वर्षानुवर्षं आतून कुजतो, आधी चिकट होतो आणि मग त्याची पूड होते. अशा फिल्मच्या मोजक्या प्रती गावोगाव फिरायच्या, उन्हात, धुळीत, बैलगाडीतून. दर खेळाला तिच्यावर ओरखडे. ‘राजा हरिश्चंद्र’ची मूळ फिल्म अशीच निकामी झाली, जळाली असंही सांगतात. आणि १९१७ मध्ये फाळक्यांनी हीच कथा पुन्हा नव्याने चित्रित केली. गंमत म्हणजे त्याच वर्षी कलकत्त्याच्या मादन कंपनीनेही हरिश्चंद्रावर वेगळी फिल्म काढली.

आता विचार करा. १९१३ ते १९१७ या काळात त्यांचा हात केवढा बसला असणार! कॅमेरा ओळखीचा झाला, ट्रिक सीन जमायला लागले. जादूगार माणूस तो, दुसऱ्यांदा तेच करताना आधीचं जमलं नव्हतं ते नीट केल्याशिवाय राहील का? लोकांनाही तीच गोष्ट हवी होती. कोणी तक्रार केली असेल असं वाटत नाही. थोडक्यात, आपल्या पहिल्या चित्रपटाची सुधारित आवृत्ती काढणारा आपल्याकडचा पहिला माणूस खुद्द दादासाहेब फाळके!

त्यानंतर त्यांचं नशीब उघडलं. १९१७ चाच ‘लंकादहन’. यात राम आणि सीता दोन्ही कामं अण्णा साळुंक्यांची! १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’, यांत कृष्ण झाली त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. पण पुन्हा भागीदारांशी खटके. वैतागून ते काशीला निघून गेले, तिथे नाटक लिहिलं, काही काळाने परतले आणि कंपनीत कामाला लागले. पण पहिली रया राहिली नव्हती.

मग १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलायला लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ तेव्हा मूकपट म्हणूनच तयार झालेला. आता मूकपट घेणार कोण? मग त्याच चित्रपटाला नंतर आवाज जोडला गेला. पुन्हा बघा, सुधारित आवृत्ती! तरी तो फारसा चालला नाही. कोल्हापूरच्या महाराजांच्या आश्रयाने १९३७ मध्ये त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तो शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले. ज्या धंद्याला त्यांनी जन्म दिला, तो तोवर त्यांना विसरून पुढे निघून गेला होता. त्यांच्या नावाचं अवॉर्ड सुरू झालं १९६९ मध्ये, पंचवीस वर्षांनी.

फिल्म्सचं काय झालं? इतर शेकडो मूकपटांचं झालं तेच. काही कुजल्या, काही जळल्या, काही आतल्या चांदीसाठी भंगारात गेल्या. पडदा बोलता करणारा ‘आलम आरा’ आज कुठेच नाही. १९६४ मध्ये पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं. तिथल्या पी. के. नायर यांनी जन्मभर डबे गोळा केले. नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडून त्यांनी फिल्मचे तुकडे मिळवले, जोडले, सुरक्षित फिल्मवर उतरवले. आज आपल्याला ‘कालिया मर्दन’मधली मंदाकिनी दिसते ती त्यामुळे. आणि हे किती वेळेवर झालं बघा. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली आणि असंख्य जुनी रिळं गेली. ज्यांच्या प्रती आधी निघाल्या होत्या त्याच वाचल्या.

‘राजा हरिश्चंद्र’ची आज दोन रिळं शिल्लक आहेत, पहिलं आणि शेवटचं. राजा रोहिदासाला धनुष्यबाण शिकवतोय तिथपासून सुरुवात. वर्षानुवर्षं ही रिळं १९१३ ची म्हणून दाखवली गेली. पण अनेक अभ्यासकांचं मत आहे की ही १९१३ ची नाहीत, १९१७ ची आहेत.

म्हणजे माझी रूममेट जे रंगवत होती आणि ज्याच्या पावित्र्यासाठी मी टेबलावर हात आपटत होते, ते मुळात ओरिजिनल नसण्याचीच शक्यता जास्त. ती सुधारित आवृत्ती, आणि सुधारणारे स्वतः दादासाहेब! ज्या राजाने खोटं बोलायचं नाही म्हणून राज्य सोडलं, बायको-मुलाला विकलं, त्याच्याच चित्रपटावर चुकीच्या सालाची चिठ्ठी लागली. सत्यवादी हरिश्चंद्राचं हे असं झालं.

दोन दिवस मी गप्प होते. मग एके दिवशी ड्रॉइंग हॉलमध्ये शीट करताना उत्तर सापडलं. आपल्या शीटच्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो. कारखान्यातल्या ड्रॉइंगवर त्याच्याच जवळ रिव्हिजनचा तक्ता असतो. ड्रॉइंगमध्ये बदल केला की तिथे नंबर वाढवायचा, काय बदललं, कधी बदललं, सही. जुनं ड्रॉइंग फेकायचं नाही. पूल पडला तर कुठल्या रिव्हिजनवर बांधला ते बघावं लागतं! बदल करणं हा गुन्हा नाहीच, बदल न लिहिणं हा आहे. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना हे दोन शब्दांत कळेल. सेव्ह करू नका, सेव्ह ॲज करा.

या मापाने बाकीचे चित्रपट बघितले तर बरंच सोपं होतं. ‘मुगल-ए-आझम’ १९६० चा, थोडा भाग सोडला तर काळापांढरा. २००४ मध्ये तो पूर्ण रंगीत होऊन आला आणि नव्या पिढीने थिएटरात बघितला. काळीपांढरी आवृत्ती आजही बघता येते, मग बिघडलं काय? २०२५ मध्ये ‘रांझणा’ तमिळमध्ये पुन्हा लागला तेव्हा मेलेला नायक कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून जिवंत केला गेला. दिग्दर्शकाने जाहीर विरोध केला. इथे मला दिग्दर्शकाची बाजू पटते, कारण बदल दुसऱ्याने केला आणि तोही गोष्टीचा अर्थच उलटवणारा. उलट ‘शोले’चं बघा. १९७५ मध्ये सेन्सॉरमुळे शेवट बदलावा लागला होता. २०२५ मध्ये तो जुन्या शेवटासह दुरुस्त होऊन परत आला. आता आपल्या आईवडिलांनी पन्नास वर्षं बघितला तो ओरिजिनल, की दिग्दर्शकाने आधी केला होता तो? मला विचाराल तर दोन्ही ठेवा. दोन्ही खरे आहेत, फक्त डब्यावर नीट लिहा.

फाळक्यांवर राग येतो का? मला येत नाही. त्यांना स्कॅनर नव्हता, हार्डडिस्क नव्हती, थंड गोदाम नव्हतं. चित्रपट जपून ठेवायची वस्तू आहे असं तेव्हा जगातही फार कुणाला वाटत नव्हतं. त्यांच्याकडे सेव्ह ॲजचं बटणच नव्हतं. जुनं गेलं म्हणून नवं केलं, आणि ते केलं म्हणूनच आज दोन रिळं तरी हातात आहेत. सुधारित आवृत्तीने मूळ आवृत्तीची आठवण वाचवली, असंही म्हणता येईल. आपल्याकडे मात्र ते बटण आहे. दोन जीबीची फाईल ठेवायला आपल्याला काय लागतं? तरीही आपण रंगीत, गुळगुळीत तुकडा फॉरवर्ड करतो आणि खाली १९१३ लिहून मोकळे होतो. आणखी पन्नास वर्षांनी कुणीतरी लायब्ररीत बसून खात्रीने सांगेल की तारामतीची साडी हिरवी होती.

हे सगळं मी रूममेटला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मॅगी संपवली आणि लॅपटॉप उघडला. रंगीत फाईल तिने काढून टाकली नाही, मीही टाक म्हटलं नाही. तिने फक्त नाव बदललं. रंग आणि जादा चौकटी सॉफ्टवेअरच्या, मूळ फिल्म फाळक्यांची, बहुधा १९१७ ची, असं लांबलचक नाव. शेजारी काळीपांढरी फाईलही ठेवली. त्या रात्री आम्ही दोन्ही लागोपाठ बघितल्या. रंगीत बघायला मजा आली. पण दुसरीत, ओरखड्यांच्या मागे, साडीतले अण्णा साळुंके दिसत होते. त्या साडीचा खरा रंग समोर उभ्या असलेल्या माणसांनाच माहीत, आणि चादर धरून उन्हात उभ्या राहिलेल्या सरस्वतीबाईंना.